माझ्या रिपोर्टवर तुझं हृदय

३ जून

बारक्या,

आशीर्वाद शेवटी देईन, शिल्लक राहिले तर.

दादाने पत्र कसं काय लिहिलं म्हणून नवल करत बसू नकोस. तुझ्या फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. एकदा वाजतो आणि तुटतो, चार वर्षं तुटतोय. यंत्रातलं एवढं तरी मला कळतं. दुसरं म्हणजे, हल्ली बोलायला लागलो की चौथ्या शब्दाला खोकला येतो. लिहिताना येत नाही. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा तुला माझं म्हणणं मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्यावं लागणार आहे.

मुद्द्यावर येतो. माझी फुफ्फुसं खराब झाली आहेत. धुळीने नाही, सिगारेटने नाही, वयाने तर नाहीच. ती खराब झाली आहेत ठोक्याच्या गोळीने. छाती फडफडते म्हणून नऊ वर्षं मी रोज सकाळी घेतो तीच गोळी. सात वर्षं तूही घेतोस तीच, आणि तू इथून गेल्यापासून दर दोन महिन्यांनी मी पाकिटात घालून पाठवतो तीच. आता नीट बसून वाच.

आपल्या धंद्याची थट्टा तुला माहीतच आहे. लिफ्ट बंद पडते म्हणून आपल्याला बोलावतात आणि लिफ्ट बंद असते म्हणून आपल्यालाच जिने चढावे लागतात. त्या दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर मशीन रूम आहे, आठवते ना? तिथे मी तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलो आणि उठता येईना. हत्यारांची पिशवी मांडीवर, तोंड उघडं. एक बाई वरून उतरत होत्या. म्हणाल्या, "काका, बरं वाटत नाही का? लिफ्टने जायचं ना." मी म्हटलं, मी लिफ्टवालाच आहे. त्या म्हणाल्या, "मग तर काहीच प्रश्न नाही." आणि गेल्या खाली.

त्यानंतर जो तो डॉक्टर झाला. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, लिफ्टच्या शाफ्टमधली धूळ. तीन बाटल्या खोकल्याचं औषध प्यायलो. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, पोटात वायू. तुझी वहिनी म्हणाली, हट्ट, कारण जिने चढू नका असं ती केव्हापासून सांगत होती. मीही काही कमी नाही. रात्री गाडी चालवताना दिव्यांभोवती कडी दिसायला लागली तर मी चष्मा बदलून आणला. उन्हात नाक निळसर पडायला लागलं तर टोपी घेतली. एवढी वर्षं बिघाड शोधण्यात घालवली आणि स्वतःच्या अंगातले तीन बिघाड एकाच तारेवर आहेत हे मला दिसलं नाही.

शेवटी छातीच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई आहे, आपल्या मुलीच्या वयाची, पण बोलण्याशी वयाचा काही संबंध नाही. पाठीला नळी लावली आणि ती नळी माझ्याच कानात घातली. "काका, ऐका." चपलेची चिकटपट्टी हळूहळू सोडवावी तसा आवाज येत होता. प्रत्येक श्वासाला. मग ते मोठं यंत्र, त्यातून फोटो, आणि फोटोत फुफ्फुसांच्या तळाशी जाळं. ती म्हणाली, सगळी औषधं पिशवीतून आणा आणि टेबलावर उलटी करा. केली. तिने ठोक्याची स्ट्रिप उचलली, मागची बारीक अक्षरं न वाचताच विचारलं, "ही किती वर्षं?"

असं फार थोड्या लोकांना होतं म्हणे. आजवर माझं नाव कुठल्याच सोडतीत निघालं नव्हतं, ते इथे निघालं.

माझी गोळी बंद झाली. ठोक्याला दुसरी दिली आहे, फुफ्फुसांची सूज उतरायला आणखी एक. या तिसऱ्या गोळीने चिडचिड वाढते असं डॉक्टरीणबाई म्हणाली. तुझी वहिनी म्हणाली, "मग फरक कसा ओळखायचा?"

आता तुझं. उद्याच्या उद्या छातीच्या डॉक्टरकडे जा. ही गोळी सात वर्षं घेतो असं सांग. फोटो काढ. गोळी मनाने बंद करू नकोस, तसं केलं तर ठोका पुन्हा उधळतो म्हणे, आणि घेतच राहिलास तर मी वर लिहिलंय ते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधून वाट काढून देणारा माणूस डॉक्टरच. तेव्हा जा. डॉक्टरीणबाईने तुझ्याबद्दल आणखीही बरंच विचारलं. ते राहू दे.

तुझा दादा

१२ जून

बारक्या,

उत्तर नाही. बरं.

काल तुझ्या बायकोला फोन केला. खोकत खोकत विचारलं, पत्र मिळालं का त्याला? ती म्हणाली, "भाऊजी, ते कामासाठी बाहेरगावी गेलेत, सहा आठवडे. ट्रेनिंग आहे. टपाल मी उघडत नाही, त्यांच्या टेबलावर ठेवते." चोपन्नाव्या वर्षी ट्रेनिंग! घरात बसून माझं पत्र वाचतोयस आणि बायकोला पुढे केलंयस, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? लहानपणी शाळा बुडवायचास तेव्हा आईला पुढे करायचास, तेच हे.

तिला मी गोळीबद्दल बोललो नाही. तुला शब्द दिला होता, तिला कधी कळू द्यायचं नाही म्हणून. तो पाळतोय. पण आता हा शब्द मला जड व्हायला लागलाय.

आणि मागच्या पत्रात "ते राहू दे" म्हणालो ते राहू देऊन चालणार नाही, म्हणून लिहितो.

डॉक्टरीणबाईने औषधवाल्याकडून वर्षभराचा हिशेब मागवला. तोच आपला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवणारा. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं देत आलाय बिचारा, कारण मी कधी नवी चिठ्ठी आणलीच नाही. ती कागद बघून म्हणाली, "काका, तुम्ही रोज एक घेता म्हणालात. इथे तर रोजच्या दोन जातायत."

मी म्हटलं, एक भावाची.

"भावाचे डॉक्टर कोण?"

मी चष्मा पुसायला लागलो.

"त्यांची रक्ततपासणी? थायरॉईड, यकृत? हृदयाची पट्टी, ईसीजी, कोण बघतं?"

मी म्हटलं, माझी बघतात ना. दर वर्षी हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो, ते पट्टी काढतात, रक्त काढतात. छातीचा फोटो काढा म्हणाले होते, तो तेवढा राहून गेला. बाकी सगळं माझं चांगलं येतं.

"तुमचं चांगलं येतं. आणि भावाचं?"

"दोघे एकाच आईची लेकरं. सारखंच असणार."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या धंद्यात असंच तपासता का? एक बघायची आणि दुसरीवर सही?"

तिला काय माहीत, बारक्या! ती सहज बोलली. पण लागायचं तिथेच लागलं. हसू नकोस. मला माहीत आहे तू आत्ता तोंड वाकडं करून हसतोयस.

मी तिला एवढंच सांगितलं की भावाला डॉक्टरची भीती वाटते. हे खोटं आहे आणि तुलाही माहीत आहे. खरं काय ते तुझ्या डॉक्टरला तरी सांग. सात वर्षांपूर्वी लिफ्टच्या केबिनच्या टपावर काम करताना तुझी छाती फडफडली, तू दोराला धरून उभा राहिलास, आणि खाली आल्यावर डॉक्टरकडे जाऊ म्हणालास. मी म्हटलं, थांब. डॉक्टरकडे गेलास की कागद होणार. कागद झाला की वर्षाच्या फिटनेसच्या दाखल्यावर येणार, आणि मग माझ्यासारखीच तुलाही शाफ्टमध्ये उतरायला बंदी होणार. माझ्या गोळीने माझं बरं आहे, तीच घे. मी तुझ्या भल्यासाठी म्हणालो होतो.

तपासून घे. तुझी वहिनी म्हणते, त्यांना लिहा की मीही सांगितलंय. तिचं तरी ऐकत होतास.

दादा

२६ जून

अजून उत्तर नाही. दगडाला लिहिलं असतं तर त्यानेही एव्हाना उत्तर धाडलं असतं.

एक तारखेला तुझं पाकीट निघायचं असतं. यावेळी निघणार नाही. डॉक्टरीणबाईने बजावलंय: "एक गोळीसुद्धा पाठवायची नाही. मी टपालाने पेशंट तपासत नाही आणि तुम्हीही तपासू नका." म्हणाली, ही गोळी अंगात फार दिवस मुरलेली असते, पाकीट चार दिवस उशिरा गेलं म्हणून लगेच काही होत नाही, पण त्या चार दिवसांत त्यांनी डॉक्टर गाठलाच पाहिजे. तू तर चार दिवस सोड, तीन आठवडे गाठला नाहीस.

आता मी काय करू सांग. पाठवलं तर तुझ्या फुफ्फुसात मीच आणखी जाळं विणतोय. नाही पाठवलं आणि तू कुठे जिन्यात छाती धरून पडलास तर तेही माझ्याच माथी. औषधवाल्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. त्याने आतून विचारलं, "दोघांच्या का, काका?" मी म्हटलं, कुणाच्याच नको.

धाप लागते का तुला? दिव्यांना कडी दिसतात का? नाकाचा रंग बघ आरशात. एका ओळीत लिही. हो किंवा नाही. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण त्यात हो किंवा नाही येऊ दे.

दादा

७ जुलै

बारक्या,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींत मी बराच चांगला माणूस होतो.

परवा पुन्हा फोटो काढला. सूज थोडी उतरली आहे, पण जाळं आहे ते राहणार. डॉक्टरीणबाई म्हणाली, आहे त्यात नीट जगता येईल, जिने मात्र विसरा. मी विचारलं, वर्षापूर्वी फोटो काढला असता तर? ती म्हणाली, "तर आज तुम्ही जिने चढत असता." गोड बोलायची सवयच नाही तिला. पण हे ऐकताना माझ्या डोक्यात माझे जिने नव्हते. तुझा फोटो होता, जो कुणी काढलेलाच नाही.

तू बोलत नाहीस त्याचं कारण मला माहीत आहे. आजवर मी लोकांना सांगत आलो की अपघातानंतर तू चिडलास, तुझ्या बायकोने तुला तिच्या भावाच्या गावी नेलं, आणि दोन घरांत अंतर पडलं. लोक माना डोलवतात. तुझी वहिनी डोलवत नाही, ती उठून आत जाते.

तर लिहितो. त्या ऑफिसच्या इमारतीतल्या जुळ्या लिफ्ट. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच माणसाच्या हाताखाली. महिन्याची तपासणी शुक्रवारी होती. मी डावीचा ब्रेक उघडला, घासून धरणारं लायनिंग बघितलं, अजून जाड होतं. उजवी उघडलीच नाही. घरी जायची घाई होती, दुसरं काही मोठं कारण नव्हतं. नोंदवहीत दोन्हींसमोर सही केली. ते काही पहिल्यांदा नव्हतं. जुळ्या लिफ्ट असल्या की मी तसंच करायचो, एक बघायची, दोन्हींवर सही, आणि वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून त्याला मी अनुभव म्हणायचो.

सोमवारी तू उजवीच्या टपावर उभा राहिलास. ब्रेकने धरलं नाही. लिफ्ट दीड मजला सरकली आणि तुझा पाय घोट्यापाशी भिंतीच्या लोखंडात अडकला. तुझी किंकाळी मी मशीन रूममध्ये ऐकली. ती मी अजून ऐकतो.

चौकशीत मी सांगितलं की दोष अचानक उद्भवला. उजवीचं लायनिंग काढून खाली आणलं तेव्हा तू स्ट्रेचरवरून ते बघितलं होतंस. झिजून कागदासारखं झालेलं. ते एका दिवसात तसं होत नाही हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? चौकशीच्या साहेबाने तुला विचारलं, काही सांगायचंय का? तू म्हणालास, नाही. माझं लायसन्स वाचवलंस आणि मग माझ्याशी बोलणं टाकलंस. मी चार वर्षं वाट बघत राहिलो की तुझा राग कधी उतरतो. राग उतरायला मी काही बोलायला हवं होतं, ते मी बोललोच नाही.

माझी चूक होती. मी उजवी लिफ्ट तपासली नव्हती. मला माफ कर.

आणि गोळीचंही तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मला शाफ्टची बंदी झालीच होती. तुलाही झाली असती तर शाफ्टमध्ये उतरणारा माणूस आपल्याकडे उरला नसता आणि माझं लिफ्टदुरुस्तीचं दुकान बंद पडलं असतं. तुझ्या छातीपेक्षा मला दुकानाची पाटी महत्त्वाची वाटली. मी मनाला सांगितलं की तुझं-माझं शरीर सारखंच आहे, आणि पुढे माझेच रिपोर्ट बघून तुझं बरं चाललंय असं मानत राहिलो. माझ्या रिपोर्टवर तुझं हृदय चालवलं मी. डॉक्टरीणबाईला एका मिनिटात दिसलं ते मला सात वर्षं दिसलं नाही, की दिसत होतं आणि मी बघत नव्हतो, ते आता देव जाणे.

आता ऐक. येत्या सोळा तारखेपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर मी तुझ्या बायकोला फोन करून सगळं सांगणार. गोळी, टपावर तुला आलेली फडफड, सगळं. ती तुला कानाला धरून दवाखान्यात नेईल. तुला दिलेला शब्द मोडेन. तसेही मी दिलेले शब्द काय लायकीचे होते ते तुला माहीत आहे. तू जिवंत राहून माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी मला चालेल.

दादा

१७ जुलै

बारक्या,

गाढवा! नालायका! परवा तुझं खोकं मिळालं.

पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी वाईट झालंय आणि तुझ्या वस्तू परत आल्यात. मला उघडवेना. तुझ्या वहिनीने कात्री आणली. वरच तुझी चिठ्ठी. सहा ओळी! माझ्या चार पत्रांना सहा ओळी, आणि त्याही अशा अक्षरात की औषधवाल्यालाच लागाव्यात. मी चष्मा लावून मोठ्याने वाचल्या.

की तू खरंच बाहेरगावी होतास, ट्रेनिंग घ्यायला नाही, द्यायला. की घरी येऊन चारही पत्रं एकदम वाचलीस. की पायाचं दुसरं ऑपरेशन तिकडे झालं तेव्हा आधी हृदयाची पट्टी काढली आणि तिथल्या डॉक्टरांना ठोक्याचा बिघाड सापडला, आणि मांडीच्या शिरेतून तार घालून त्यांनी त्याचा कायमचा बंदोबस्त केला. की त्यांनीच गोळी बंद केली, आणि तेव्हापासून तू एकही घेतलेली नाहीस. की माझ्या पत्रामुळे लगेच छातीचा फोटो काढलास आणि तो स्वच्छ आहे. आणि सहावी ओळ: "लायनिंगचं लिहिलंस ते बरं केलंस. जिने चढू नकोस."

स्वच्छ आहे हे मी तीनदा वाचलं. मग खुर्चीवर बसलो आणि रडलो. तुला कळवायचं नव्हतं, पण तुझी वहिनी कळवणारच, म्हणून मीच सांगतो. रडताना खोकला आला, खोकताना राग आला. अरे, चार वर्षं! चार वर्षं तुला गोळ्या लागत नव्हत्या, आणि मी इथून दर दोन महिन्यांनी रांगेत उभा राहून पाकिटं पाठवतोय. गेला दीड महिना मी तुला रोज मनातल्या मनात जिन्यात पाडतोय आणि उचलतोय. एक ओळ टाकली असतीस, की दादा, मला गोळ्या नकोत, तर तुझं काय जात होतं?

रागाच्या भरात तुझ्या बायकोला फोन लावला. तिला सगळं आधीपासून माहीत आहे. तार घातली तेव्हाच तू तिला सांगितलं होतंस, मग मी कुठलं गुपित सांभाळत बसलो होतो? तिला विचारलं, याने मला कळवलं का नाही? म्हणाली, "मी यांना हजारदा म्हटलं, भाऊजी, की कळवून टाका. म्हणायचे, कळवलं की दादा पाकीट पाठवायचं बंद करेल."

मी फोनवर ओरडलो, मूर्ख आहे तो, मी कशाला बंद केलं असतं! फोन ठेवला. तुझी वहिनी खोक्यातून परत आलेली माझीच पाकिटं काढून टेबलावर लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बंदच केलं असतंत तुम्ही."

केलं असतं. तुला आता खोटं लिहीत नाही. गोळ्या नकोत असं कळलं असतं तर मी म्हणालो असतो, बरं झालं, त्याला माझी गरज नाही, आणि विषय संपवला असता. आणि वर तूच मानी आहेस असं लोकांना सांगत फिरलो असतो.

मग तिने मला जवळ बोलावलं. "हे बघा." चोवीस पाकिटं. प्रत्येक पाकीट वरच्या कडेने ब्लेडने नीट कापलेलं. आतल्या स्ट्रिपांना बोटही लावलेलं नाही, माझं रबरबँड जसंच्या तसं. मी म्हटलं, याला गोळ्या घ्यायच्याच नव्हत्या, तर हा पाकिटं उघडत कशाला होता?

ती म्हणाली, "आत चिठ्ठी आहे का बघायला. दुसरं कशाला?"

चोवीस वेळा, बारक्या. मी एकदाही घातली नव्हती. पाकीट चिकटवताना कधी कधी मनात यायचं, दोन शब्द लिहावेत, पाय कसा आहे एवढं तरी विचारावं. मग वाटायचं, मी मोठा आहे, आधी त्याने लिहावं. आणि पाकीट बंद करायचो.

लायनिंगची माफी मी सात तारखेच्या पत्रात मागितली. ही त्याहून मोठी आहे आणि ती कशी मागतात ते मला येत नाही. मला प्रवास झेपणार नाही. तू ये. समोर बसून मागतो.

तुझा दादा